धुराची बाजू

तिने तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक रेडिओच्या बोर्डावरच्या सांध्यावर टेकवलं, सोल्डरची तार लावली आणि सवयीने श्वास रोखला. खरं तर आता रोखायची गरज उरली नव्हती. धूर उठला, वीतभर सरळ चढला, मग वळला आणि टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला.

खिडकी बंद होती. पंखाही बंद होता. नवरा गेल्यापासून, म्हणजे सात महिने, तिने पंख्याची पिन काढूनच ठेवली होती.

तीस वर्षं दोघं याच टेबलाशी समोरासमोर बसून रेडिओ, ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आली. तिला दमा, म्हणून नवऱ्याने आपल्या पाठीमागे एक छोटा पंखा उलटा लावला होता, तिच्याकडचा धूर ओढून घेणारा. त्या युक्तीवर स्वारी भलतीच खूश. "गेला की नाही धूर?" तो विचारायचा आणि ती म्हणायची, "गेला." कुठे गेला, हे कुणीच विचारलं नाही. वीज कुठून कुठे जाते हे डोळे मिटून सांगणारी माणसं ती. पण धूर त्याच्या नाकावरून जातोय, एवढं काही दोघांच्या डोक्यात शिरलं नाही. शेवटच्या वर्षी त्याला चार पायऱ्या चढवत नव्हत्या.

लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, आज तरी मिस्त्रीला बोलावू? भिंतीला भोक पाडायचं, नळी लावायची, धूर थेट बाहेर. तासाभराचं काम आहे."

"कशाला? मला धूर लागतच नाही हल्ली."

"म्हणजे काय? तो काय तुला विचारून येतो-जातो?"

तिने पुन्हा सोल्डरची तार उचलली. लेक मान हलवत आत निघून गेली.

पुढचा सांधा. धूर वळला आणि खुर्चीच्या पाठीपाशी, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, दिसेनासा झाला. जरा थांबला की पुन्हा ओढला जायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. मग हळूहळू त्याची सोबत वाटायला लागली होती.

आज मात्र धूर मध्येच अडखळला. दोनदा थोडा फुटला, तिसऱ्यांदा जोरात. आवाज काही आला नाही. पण तो खोकला तिला पाठ होता.

"अहो, पुरे आता," ती हळूच म्हणाली. "उठा तिथून."

टेबलाला वळसा घालून ती स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. होईल तो त्रास आपल्याला होऊ दे. बोर्ड जवळ ओढून तिने टोक टेकवलं. धूर सरळ तिच्या तोंडावर आला, डोळे चुरचुरले, छातीत शिट्टी वाजली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

आणि मग धूर फिरला. सावकाश, टेबल ओलांडून, ती नुकतीच उठून आली होती त्या जागेकडे निघाला.

"काय माणूस आहे!" ती रडवेली होऊन म्हणाली. तिने झटकन बटण बंद केलं, आयर्न स्टँडवर ठेवला आणि टोक गार होईपर्यंत दोन्ही हातांनी धूर विसकटत राहिली.

"बाळा, मिस्त्रीला बोलाव. आत्ताच्या आत्ता."

लेक धावत बाहेर आली. "काय झालं? त्रास होतोय का धुराचा?"

"मला नाही गं," ती म्हणाली.