उद्या निघणारा पाहुणा

सयाजीला बोरवाडीत येऊन चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षं तो उद्या निघणार होता.

त्याचं स्वतःचं गाव हिंगणवाडी. ते ओढ्याच्या पलीकडं, म्हणजे सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. बोरवाडी ओढ्याच्या अलीकडं, म्हणजे संस्थानात. कुठल्या संस्थानात ते सांगून उपयोग नाही. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत तेव्हा इतकी संस्थानं सांडलेली होती, की सकाळी चरायला सुटलेली शेळी दिवस मावळायच्या आत तीन राजांची प्रजा होऊन परत यायची. शेळीला त्याचं काही वाटत नसे. माणसांनाही वाटत नव्हतं, लढाई लागून धान्याचा कायदा येईपर्यंत.

सयाजीचा सासरा वारला तेव्हा मागं मुलगा नव्हता. शेत होतं, बैल होते, आणि बघायला एकटी सासू, रंगुबाई. तिकडं सयाजीच्या घरी भाऊ उदंड होते आणि शेत एका हाकेत संपायचं. तेव्हा त्यानं बायकोला, साळूबाईला, बरोबर घेतलं आणि ओढा ओलांडला. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण सासुरवाडीला राहणाऱ्या जावयाला आपल्याकडं एक शब्द आहे, आणि तो ऐकण्यापेक्षा माणूस विंचू चावून घेईल. म्हणून पहिल्याच दिवशी पारावर कुणी ‘कवा आलासा?’ विचारलं तेव्हा सयाजीनं सांगून टाकलं, की बायकोला बाळंतपणाला सोडायला आलोय, उद्या निघायचंय.

साळूबाईला तेव्हा दिवस गेलेले नव्हते. पुढं पावसाळ्यामागं पावसाळे गेले, दिवस गेले नाहीत. सयाजीनं आपलं म्हणणं काही बदललं नाही. नांगरट केली, पेरणी केली, विहिरीतला गाळ काढला, आणि वर येऊन अंगावरचा चिखल निपटत त्यानं सांगितलं की उद्या निघायचंय. धोतरं भरलेली पिशवी खुंटीला असायची. वहाणा दारात कायम तोंड बाहेर करून ठेवलेल्या असायच्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, पाय घातला की माणूस गेलाच.

गावानं त्याचं मन राखलं. कुणी त्याला नावानं हाक मारत नसे. मोठी माणसं ‘पावणं’ म्हणत आणि पोरंही ‘पावणं’च म्हणत. एकदाच फक्त गावातल्या हरिबानं बैलबाजारात, चारचौघांत, त्याला घरजावई म्हटलं. सयाजीनं हरिबाला उचलून शेणाच्या ढिगात बसवलं. गाव सयाजीच्या बाजूनं उभं राहिलं. भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून हरिबाला शपथ घ्यावी लागली, की हा शब्द पुन्हा तोंडातून निघणार नाही.

मग कायदा आला. घरात जितकी माणसं तितक्यांपुरती ज्वारी ठेवायची, बाकीची दरबारी कोठारात घालायची. हंबीरराव पाटलांनी घरोघर जाऊन डोकी मोजली. रंगुबाईच्या घरात दोन भरली, रंगुबाई आणि साळूबाई. साळूबाई गावचीच लेक, तिला पाहुणी कोण म्हणणार? सयाजीनं स्वतः पेरलेली, राखलेली, मळलेली ज्वारी स्वतःच्या पाठीवर वाहून कोठारात ओतली. घरी येऊन बघतो तर उरलेल्या ज्वारीत त्याचा दाणा नव्हता.

आणि त्याच साली साळूबाईला दिवस गेले. एवढी वर्षं मारलेली थाप खरी झाली होती, आणि नेमकं तेव्हाच खायला नव्हतं.

रंगुबाईच्या घरची रीत अशी, की जावई आधी जेवणार आणि पोटभर जेवणार. उरलं तर बायका. रंगुबाई जावयासमोर येत नसे. दाराआडून बोलायची, आणि तेही लेकीला उद्देशून. सयाजीनं अर्ध्या भाकरीवर हात आखडला की दाराआडून आवाज यायचा, “साळू, वाढ की गं त्यास्नी. पावणं लाजत्यात.” पाहुणा नको म्हणतो ते रीत म्हणून म्हणतो, हे रंगुबाईला पक्कं ठाऊक होतं. सयाजी जितका नको म्हणे तितकी भाकरी ताटात पडे. शेवटी त्यानं ओळखलं, की न बोलता खाल्लं तर बायकोच्या वाट्याला थोडी जास्त उरते. मग तो मुकाट्यानं खाऊ लागला, आणि त्याचीही लाज वाटू लागली.

एके दिवशी साळूबाई पाण्याची घागर घेऊन येताना अंगणात मटकन खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली. सयाजीनं घागर घरात नेऊन ठेवली आणि तसाच ओढ्यापलीकडं गेला.

हिंगणवाडीत थोरला भाऊ मानसिंग भेटला. त्यानं प्रेमानं बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की इथल्या मोजणीत तुझं नाव धरलेलं नाही. तू तिकडं नांदायला गेलास हे सगळ्या गावाला माहीत आहे. ‘नांदायला’ हा शब्द मानसिंगनं मुद्दाम वापरला की सहज, ते सयाजीनं विचारलं नाही. तो परत येऊन थेट पाटलांच्या चावडीत गेला.

“पाटील, माजं डोकं मोजायचं ऱ्हायलं.”

“आवं पावणं, तुमचं डोकं हिंगणवाडीचं. दुसऱ्याचं डोकं आमी कसं मोजावं?”

“तितं म्हंत्यात मी हितला.”

“मग जाऊन सांगा की त्यास्नी. न्हाईतरी उद्या निघायचंच हाय तुमास्नी.”

पाटलांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. सगळी अडचण तीच होती.

सयाजीनं चावडीतल्या माणसांकडं एकदा बघितलं, मग जमिनीकडं बघितलं, आणि म्हणाला, “मी घरजावई हाय.”

एकानं तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली आणि तो परत आलाच नाही. हंबीरराव उठून सयाजीजवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “पावणं, असं अभद्र बोलू नगा. आमी काय मेलाव व्हय? आमच्या गावात तुमास्नी असं कोन म्हनंल, त्याला माज्याकडं धाडा.”

सयाजीनं पुष्कळ समजावलं. शेवटी पाटील एवढ्यावर आले, की गावातला एक जरी माणूस हे चावडीत उभं राहून म्हणाला, तर मोजू. सयाजी घरोघर फिरला. लोकांनी गूळ-पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं, पण तसं म्हणायला कुणी तयार होईना. पाहुण्याचा अपमान करायचा तर निदान त्याच्या पाठीमागं करावा, एवढी रीत सगळ्यांना होती.

तेव्हा तो हरिबाकडं गेला. हरिबा कडबा रचत होता.

“हरिबा, तवा म्हनला हुतास ते एकदा चावडीत म्हन.”

“भैरोबाची शपथ हाय गड्या.”

“मी सोडवतो तुला शपथंतनं.”

“शपथ तू घातलीस व्हय? ती देवाची हाय.” हरिबानं एक पेंढी रचली आणि उसासा सोडला. “म्हनायची लय इच्छा हाय रं. तुला बघितलं की रोज जिभंवर येतंय. पर गिळतो.”

राहता राहिली दरबारची चौकशी. सयाजीनं अर्ज दिला आणि जयपाल नावाचा पुरवठा कारकून सायकलीवरून बोरवाडीत आला. माणूस सरळ होता. जैन असल्यानं दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं, म्हणून मधून मधून उन्हाकडं बघत होता. त्यानं खुंटीवरची पिशवी बघितली. दारातल्या वहाणा बघितल्या. सयाजी म्हणाला, ती नुसती सवय आहे. जयपालनं मान हलवली आणि दाराआडच्या रंगुबाईला विचारलं, की आजी, हे गृहस्थ तुमच्या घरात कोण म्हणून राहतात?

साळूबाई दाराआड आईशेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “आये, सांग की. माज्यासाटनं सांग.”

सयाजीनं कधी केलं नव्हतं ते केलं. तो दाराकडं वळून सासूशी सरळ बोलला. “मामी, म्हना. मला राग न्हाई.”

मग रंगुबाईचा आवाज आला. ती रडत होती, पण आवाज पक्का होता.

“सायेब, माज्या मालकानं लेक दिली तवा ह्यांचं पाय धुतलं हुतं. आमी उपाशी ऱ्हाऊ. पर जावयाला हलकं बोलायला माजं तोंड उगडायचं न्हाई. ते पावणं हायत. उद्या निघायचं हाय त्यास्नी.”

जयपालनं कागदावर तेवढंच लिहिलं. उठताना त्यानं सयाजीला बाजूला घेऊन खरी सोय सांगितली. पाहुण्याला आठवड्यापुरत्या धान्याची चिठ्ठी मिळते. आठवडा संपला की पाहुण्यानं हद्दीबाहेर जायचं. परत यायचं झाल्यास नाक्यावरून यायचं आणि नवीन चिठ्ठी मागायची, दरबाराला वाटलं तर देईल. कायम राहायचं असेल तर मात्र गावचा दाखला लागेल. एवढं सांगून त्यानं सायकल काढली आणि मावळतीकडं तोंड करून जोरात पायडल मारत गेला.

त्या संध्याकाळी सयाजी चुपचाप जेवला. साळूबाईनं वाढताना एका हातानं भिंत धरली होती. आंचवून तो दारात आला, वहाणांकडं बघत उभा राहिला. मग त्यानं वाकून त्या फिरवल्या आणि तोंड घराकडं करून भिंतीला टेकवून ठेवल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि सोप्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

थोड्या वेळानं रंगुबाई दिवा घेऊन उंबऱ्याशी आली. वहाणा बघून थबकली. खाली बसून तिनं त्या पदरानं पुसल्या आणि नीट जोडीनं, तोंड बाहेर करून, होत्या तशा ठेवल्या.

“साळू,” ती आत वळून हळू आवाजात म्हणाली, “पोरं वहाणा उलट्या करत्यात गं. पावण्यांना जाताना सापडाय नगंत व्हय?”

सयाजी सोप्यात बसून ऐकत होता.