डावा फेंडर

चाकांवरचे फायबरचे रुंद फेंडर गाडीला घरच्या घरी बसवणं म्हणजे काय ताप असतो, ते नितेशला विचारा. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक बाबा शीळ घालत चार स्क्रू पिळतो आणि झालं, गाडी तयार. इथं भातकुलीत, नितेशच्या अंगणात, एक भोक जुळलं की दुसरं सरकायचं, दुसरं जुळवावं तर बंपरशी बोटभर फट पडायची. चारही फेंडर एकाच खोक्यातून आलेले, पण चुलत्याचुलत्यांसारखे. एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ!

गाडी मात्र देखणी. दोन दारांची, बसकी, लालभडक स्पोर्ट्स कार. पुण्याच्या वर्कशॉपात डेंटिंग-पेंटिंग करता करता नितेशनं ती ठोकलेल्या अवस्थेत मिळवली आणि नोकरी सोडून गावी आला तेव्हा टेम्पोत घालून सोबत आणली. गावानं तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागं म्हटलं, पोट्ट्याचं डोस्कं फिरलं. पण नितेशचा हिशेब पक्का होता. अकोल्याचे खुशालराव शौकिनांच्या गाड्या सजवून द्यायचे, मोठं गॅरेज होतं त्यांचं. रविवारी ते स्वतः गाडी पाहायला येणार होते. हात पसंत पडला तर बॉडीचं सगळं काम नितेशकडे. नाही पडला तर पुन्हा पुणं, पुन्हा तोच मालक आणि त्याच्यासमोर खाली मान. आता सांगा, असं असताना माणसानं चिडू नये तर काय करावं?

आणि तो चिडतच होता. रुंद फेंडरखाली रुंद चाक बसवायचं तर मूळच्या पत्र्याची कड कापावी लागते. ती कापताना ग्राइंडरचा आवाज ऐकून त्याची आई पार्वताबाई बाहेर आली. चांगल्या गाडीले काहून कापतं, एवढंच तिनं विचारलं. नितेश असा काही खेकसला की बाई पुन्हा त्या वाटेला गेली नाही. मग रंगाखालचा प्रायमर मारला तर त्यावर धूळ बसली. घासून पुन्हा मारला, पुन्हा धूळ. त्यानं अख्ख्या अंगणाला शिव्या घातल्या. इथं माणूस काम तरी कसं करंन, म्हणाला.

पार्वताबाईनं ते ऐकून घेतलं. रोज पहाटे दारासमोर शेणाचा सडा ती टाकायचीच. आता दुपारीही एक बादली पाणी गाडीभोवती शिंपडू लागली. धूळ उडायची खरंच थांबली. नितेशच्या ते लक्षातही आलं नाही, कारण फायदा झालेला कुणाच्या लक्षात येतो?

शनिवारी सकाळी शेवटचा रिव्हेट ठोकला आणि त्यानं गाडी ढकलत समोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर काढली. दहा पावलं मागं सरला, कमरेवर हात ठेवून समोरून पाहिलं. उजवे फेंडर चाकावर नीट बसलेले, डावे दोन्ही वर चढलेले. एक डोळा वटारून गाडी त्याच्याकडेच बघत होती. चाक आणि फेंडर यांच्यामधली फट डावीकडे अंगठाभर जास्त होती. अंगणात डावी बाजू घराच्या भिंतीकडे असायची; कामापुरता माणूस शिरायचा, पण दुरून पाहायला जागाच नव्हती.

टेप तर त्यानं दहादा लावला होता! जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत, चारही बाजूंना अगदी सारखं. तो तरातरा अंगणात परत आला आणि तिथं त्याला दिसलं. उजवी चाकं होती तिथं फरशी. डावी चाकं होती तिथं काळ्या मातीत दोन खड्डे, ओले, चाकांच्या आकाराचे. काळी माती ती, पाणी प्यायली की लोणी होते. गाडी डावीकडून रोज थोडी थोडी खचत गेली आणि हा शहाणा खचलेल्या गाडीचं माप जमिनीवरून घेत बसला.

पार्वताबाई बादली घेऊन दारातच उभी होती.

"तुले कोनं सांगतलं होतं इथं पानी ओताले?" नितेश गरजला. "माह्या जिंदगीचं वाटोळं केलं तू. बंद कर तो सडा. उद्यापासून थेंब नाई पडला पाहिजे या अंगणात!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. माप चाकाच्या मध्यावरून घ्यायचं, जमिनीवरून नाही, हे वर्कशॉपात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. धुळीची बोंबही त्याचीच होती. हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच आवाज एवढा चढला. पार्वताबाई बादली पालथी घालून आत गेली.

मग दिवसभर, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याचे सल्ले ऐकत नितेशनं दोन्ही डावे फेंडर काढले, जुनी भोकं बुजवली, चाकाच्या मध्यावरून माप घेऊन नवी पाडली, घासलं, रंगवलं. नाकी नऊ आले, पण सांजेपर्यंत फटी जुळल्या. पार्वताबाईनं चहा आणून ठेवला, जेवण वाढलं. शब्द मात्र एक नाही.

रविवारी उजाडताच गाडी आत घेऊन तो फडक्यानं पुसत होता. फाटकाशी समोरच्या चंदाकाकू आल्या. डोक्यावरून पदर, आत पाऊल टाकेनात. त्यांच्यामागं आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. नितेशला वाटलं, गाडी पाहायला आल्या असतील. तेवढ्यात फाटकाबाहेर एक गाडी थांबली आणि खुशालराव उतरले. पांढरा सदरा, जाडजूड मिशा. त्यांनी एकदा त्या बायांकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे. चपला फाटकाबाहेरच काढल्या, हात जोडून आत आले आणि नितेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"अशात काम दाखवाले नोको थांबू बावा. तेरवी होऊ दे. गाडी मंग पाहू."

नितेशला काही कळेना. खुशालरावांनी माघारी वळताना पुन्हा अंगणाकडे पाहिलं, त्यांच्या नजरेबरोबर त्यानंही पाहिलं आणि अंगण त्याला पहिल्यांदा दिसलं. कोरडं ठक्क. ना सडा, ना रांगोळी. त्याच्या उभ्या जन्मात हे दार असं एकदाच राहिलं होतं, बाप गेला तेव्हा.

"कोनी नाई गेलं जी!" तो मागं धावला.

खुशालरावांनी दाराकडे पाहिलं. पार्वताबाई उंबऱ्यावर बसली होती, धडधाकट. मग अंगण कोरडं काहून, त्यांनी विचारलं. आई आजारी आहे म्हणावं, असं नितेशच्या जिभेवर आलं होतं. पण ती समोर बसून त्याच्याकडेच बघत होती.

"म्याच बंद करवला सडा," तो म्हणाला. "चाकाच्या मधातून मोजाचं सोडून जमिनीवरून मोजलं. चूक माही, अन् राग मायवर काढला."

फाटकाशी चंदाकाकूंनी पदर खाली घेतला. खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला. संपलं सगळं, नितेशला वाटलं. हातातोंडाशी आलेला घास आपल्याच तोंडानं घालवला. मग खुशालरावांनी ओट्यावरची खुर्ची ओढली आणि बसले. कोरड्या अंगणातलं काम आपण पाहत नसतो, म्हणाले, पयले सडा टाक.

नितेशनं बादली सुलटी केली, पाणी घेतलं, गोठ्यातून शेण आणून कालवलं. असलं काम कधी केलेलं नाही, त्यामुळं ओंजळ टाकली की निम्मं त्याच्याच पायावर. एक शिंतोडा ताज्या रंगावरही उडाला. खुशालराव उठले, तो बोटानं पुसला आणि तेच बोट डाव्या फेंडरच्या फटीत घातलं. मग पलीकडं जाऊन उजव्या.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "उद्या अकोल्याले ये."

नितेशच्या हातून भलीमोठी ओंजळ सुटली आणि डाव्या चाकापाशी थारोळं झालं. तेव्हा उंबऱ्यावरून पार्वताबाई कालपासून पहिल्यांदा बोलली.

"थोडं थोडं टाक रे बावा. गाडी खचते."