झानवेत्तोरांची मधली खिडकी

एर्सीलिया लग्न होऊन पियानला आली तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरातून ती खिडकी दिसायची. समोर नदी, नदीपलीकडे टेकडी, टेकडीवर कोटाच्या आत दाटीवाटीनं बसलेलं मोंतेलारो आणि त्याच्या पाठीशी डोंगर. दुपार कलली की कोटावरच्या घरांच्या लांबलचक रांगेत एकच काच पेटायची. बाकीची सगळी भिंत करडी, आणि त्यात तेवढा एक सोन्याचा ठिपका.

"कोणाची असेल हो ती खिडकी?" नव्या नवरीनं एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

"काच आहे, ऊन पडतं, चमकते," बेप्पी म्हणाला होता. "पोलेंता ढवळ, मक्याचं पीठ खाली लागेल."

बेप्पी वाईट नव्हता, पण त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना असंच उत्तर असायचं. पुढे चष्म्याच्या कारखान्यात काड्या घासण्यात, मुलं वाढवण्यात आणि शेवटी अंथरुणाला खिळलेल्या बेप्पीचं करण्यात वर्षं सरली. मोंतेलारोला ती कितीदा तरी गेली असेल. बाजाराला, दाताच्या डॉक्टरकडे, कोणाच्या लग्नाला. पण जायचं ते चौकापर्यंत, आणि पिशव्या भरून परतीची बस पकडायची. खिडकी शोधायला म्हणून ती कधी गेली नाही. तसं कोणाला सांगायचीही तिला लाज वाटायची.

बेप्पी गेल्यावर त्याची बहीण नोएमी तिच्याकडे राहायला आली. नोएमीनं लग्न केलं नव्हतं आणि तिची मतं मात्र भरपूर होती. ऑक्टोबरात पाऊस धुऊन गेल्यानंतरच्या एका लख्ख दुपारी एर्सीलियानं कपाटातला लाल टेबलक्लॉथ काढून पिशवीत घातला आणि बेप्पीची शिकारीची दुर्बीण नोएमीच्या हातात दिली.

"मी वर जाऊन खिडक्यांतून हे फडकं हलवते. तू इथून बघ आणि फोनवर सांग, ती हीच का ते."

"वहिनी, लोक काय म्हणतील? ह्या वयात परक्यांच्या खिडक्यांतून फडकी हलवत फिरणार?"

"मग कोणत्या वयात? विशीत हलवलं असतं तर तुझ्या भावानं लग्न मोडलं असतं."

नोएमी कुरकुरली, पण दुर्बीण तिनं खाली ठेवली नाही. बस सुटायच्या आधीच ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली होती.

वर आल्यावर एर्सीलियाच्या लक्षात आलं की प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही. कोटाला चिकटून जी गल्ली जाते तिथे घरांची नुसती दारंच दिसतात. दरीकडच्या खिडक्या घरांच्या पाठीला. म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरल्याशिवाय गत्यंतर नाही. तिनं केस सारखे केले आणि पहिलं दार वाजवलं. एका तरुणानं दार किलकिलं करून तिच्याकडे, मग तिच्या पिशवीकडे पाहिलं.

"आम्हाला आहे तोच देव पुरेसा आहे, मावशी," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. धर्मप्रचाराची पत्रकं वाटणारी समजला असावा.

पुढचं दार जेम्मा झानवेत्तोरनं उघडलं. साठीची, गुबगुबीत, हातात चेस्टनट सोलायची सुरी. एर्सीलियानं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. खिडकी, ऊन, फडकं, नणंद. जेम्मा ऐकत राहिली आणि तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे बघताय?"

"तुमच्याकडेच का ते अजून ठरायचंय."

"मग उभ्या काय राहिलात? या की आत!"

दिवाणखान्यात जेम्माचा नवरा वित्तोरे पेपर वाचत होता. हा आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. त्यानं चष्म्यावरून पाहिलं, आणि बायकोनं एका अनोळखी बाईला थेट झोपायच्या खोलीत नेलेलं बघून पुन्हा पेपरात डोकं घातलं. जेम्मानं लाकडी झडपा उघडल्या. एर्सीलियानं बाहेर वाकून टेबलक्लॉथ हलवला. खाली बाभळीनं माजलेला उतार, त्याच्याखाली नदी, आणि पलीकडे पियानची घरं काड्यापेटीएवढी.

"दिसलं!" फोनमध्ये नोएमी ओरडली. "पण ती ही नव्हे, वहिनी. ती आत्ता चमकतेय. तुमचं फडकं तिच्या शेजारी, चर्चच्या अंगाला आहे. आणखी एक खिडकी बुरुजाकडे सरका."

जेम्माचा चेहरा पडला. "बुरुजाकडे आमचं काही नाही. ही आमची शेवटची खोली. कपाटामागची भिंत संपली की पलीकडे फ्योरेन्झो भावजींचं."

"मग त्यांच्याकडे जाऊ."

"तुम्ही जा. आमचं बोलणं नाही."

बाहेरून वित्तोरेचा आवाज आला. "त्याला म्हणावं, आधी तांब्याचा हंडा परत कर!"

हंड्याची गोष्ट जेम्मानं जिन्यातच कुजबुजत सांगितली. वित्तोरेचे वडील आणि फ्योरेन्झोचे वडील सख्खे भाऊ. आई गेली आणि दोघांनी घर मधोमध वाटून घेतलं. ही दोन्ही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. पोलेंता शिजवायचा आजीचा मोठा हंडा त्या वाटणीत कुठे गडप झाला ते कळलं नाही. ह्यांनी म्हणायचं त्यांनी पळवला, त्यांनी म्हणायचं ह्यांनी. बाप गेले, हंडा राहिला. चुलतभाऊ मयतीला भेटले तर मान हलवायचे, तेवढंच.

फ्योरेन्झो टपाल खात्यातून निवृत्त झालेला, उंच, वाळकुडा, विधुर. परक्या बाईला दारात पाहून त्यानं आधी शर्टाची वरची गुंडी लावली. गोष्ट ऐकून मात्र त्याला एकदम हुरूप आला. "या, या. खिडक्या माझ्याकडे हव्या तितक्या आहेत, बघायला माणूस नाही." चर्चच्या अंगाची त्याची शेवटची खोली अडगळीची होती. जुन्या सायकली बाजूला सारत तो खिडकीपर्यंत पोचला आणि टेबलक्लॉथ त्यानं स्वतःच हलवला, अगदी लहान पोरासारखा दोन्ही हातांनी.

एर्सीलियानं फोन कानाशी दाबला.

"नोएमी? अगं बोल ना!"

"वहिनी, हे कसं काय? आता तुम्ही तिच्या पलीकडे गेलात. बुरुजाच्या अंगाला."

"नीट बघ. दुर्बीण पूस."

"पुसली. डोळेही पुसले. ती मध्येच आहे. आधी एका बाजूला फडकं होतं, आता दुसऱ्या बाजूला आहे, आणि मध्ये ती मेली चमकतेय!"

एर्सीलियानं फोन खाली केला. समोर भिंत होती. साधी, चुन्याची, टेकवून ठेवलेल्या सायकलींच्या ओरखड्यांची.

"ह्या भिंतीपलीकडे काय आहे?" तिनं विचारलं.

"वित्तोरेची झोपायची खोली. नाहीतर काय असणार?"

"नाही हो. त्यांची खोली मी आत्ताच बघून आले. त्यांच्या खिडकीत आणि ह्या खिडकीत आणखी एक खिडकी आहे."

फ्योरेन्झोनं भिंतीकडे पाहिलं. मग तो गुडघ्यावर बसला आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज पोकळ आला. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू बदलला. "आमचे वडील सांगायचे, इथून पुढे जिज्यो काकाचं, वित्तोरेच्या वडलांचं."

"आणि तिकडे सांगतात, इथून पुढे तुमचं."

पुढचं कसं झालं ते एर्सीलियालाही नंतर नीट सांगता येईना. ती गल्लीत आली, फ्योरेन्झो मागोमाग आला. जेम्मा दारातच घुटमळत होती. ती आत जाऊन वित्तोरेला सपाता घातलेल्या पायांनीच ओढत घेऊन आली. दोघे चुलतभाऊ गल्लीत समोरासमोर उभे राहिले. दोघांचं नाक एकसारखं, पुढे वाकलेलं. आधी कोणी बोलावं याचा घोळ झाला.

"तुझ्याकडे एक जादा खोली आहे म्हणे," शेवटी वित्तोरे म्हणाला.

"माझ्याकडे? तुझ्याकडे असेल."

"माझ्याकडे असती तर मला कळलं नसतं? मी गवंडी आहे!"

"मग गवंड्याला इतकी वर्षं घराची एक खिडकी दिसली नाही होय?"

"स्वतःचं घर दरीतून बघायला मी काय पक्षी आहे?"

"अहो, भांडण नंतर," एर्सीलिया मध्ये पडली. "आधी बघूया तर खरं, आत काय आहे."

ते कोणालाच नाकारता येईना. पण भिंत कोणी फोडायची? वित्तोरेनं फोडली आणि खोली फ्योरेन्झोच्या वाटणीची निघाली तर? फ्योरेन्झोनं फोडली तर वित्तोरे म्हणणार, माझ्या खोलीत घुसला. शेवटी जेम्मानंच तोडगा काढला. दोघांनी आपापल्या बाजूनं एकाच वेळी सुरुवात करायची, आणि मध्ये गल्लीत उभं राहून तिनं दोघांना हाळी द्यायची.

कपाट सरकवताना चुन्याखाली दाराच्या चौकटीची उभी रेघ वित्तोरेला दिसली आणि तो स्वतःवरच चिडला. "गाढवा, डोक्याशी घेऊन झोपलास!" एर्सीलिया त्याच्या मागे उभी होती. त्याचे हात मात्र जुन्या सवयीनं चालले. एक थर विटांचा, तोही कच्चा, रागाच्या भरात रचल्यासारखा. पलीकडून फ्योरेन्झोचे घाव ऐकू येत होते, वेडेवाकडे, उतावळे. एक वीट आत पडली आणि भोकातून पिवळं ऊन थेट वित्तोरेच्या चष्म्यावर आलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

खोली अरुंद होती. लोखंडी खाट, गादी नाही. भिंतीत एक खुंटी. खिडकीशी वेताची खुर्ची, तिची बैठक उंदरांनी खाल्लेली. एका फुटक्या तावदानातून पाखरं येऊन गेलेली, त्यांचा काडीकचरा जमिनीवर. बाहेरच्या झडपा केव्हाच कुजून गळाल्या होत्या. कोटावर सगळेच ऊन अंगावर आलं की झडपा लावून घेतात. ही एक लावायला कोणी नव्हतं, म्हणून एवढी वर्षं हिची काच उघडी राहिली आणि चमकली. उत्तर इतकं साधं होतं, आणि तरी एर्सीलियाला ते उमगून हसू आवरेना.

खोलीच्या मधोमध, हिरवा पडलेला, आजीचा हंडा.

एका भोकातून वित्तोरेचं डोकं, दुसऱ्यातून फ्योरेन्झोचं. दोघेही हंड्याकडे बघत होते.

"आजीची खोली," फ्योरेन्झो हळूच म्हणाला. "आत्या एकदा बोलली होती. मला वाटलं, म्हातारी बरळतेय. दोघांनाही हवी होती म्हणे. मला नाही तर तुलाही नाही, असं."

"म्हणून दोन्हीकडून दार बुजवलं?"

"असंच दिसतंय."

वित्तोरे भोकातून आत आला आणि धूळ न झटकता खाटेच्या कडेवर बसला. "माझा बाप मरताना हंड्याचं नाव घेऊन मेला रे."

"माझाही." फ्योरेन्झोनं हंडा उचलून बघितला, आणि वजनानं लचकला. वित्तोरेनं उठून दुसरा कान धरला. दोघे तसेच हंडा धरून उभे राहिले.

तोवर जेम्मा आत येऊन रडूनही घेऊन आता व्यवहाराला लागली होती. "खोली झाडून काढू. तावदान बसवू. आणि नव्या झडपा आधी लावायच्या हं, नाहीतर ऊन सगळं जाळेल."

झडपा लागल्या की खालून ती चमक दिसणार नाही हे एर्सीलियाला कळलं. मग तिनं ज्या तोऱ्यात दुपारी पिशवी भरली होती तो आठवला आणि स्वतःशीच म्हटलं, बाई, बघायचं होतं ना? बघितलंस. ती खिडकीशी गेली, धुळकट काचेला तळवा लावला. काच कोमट होती.

"वहिनी, तुम्ही दिसताय!" फोनमध्ये नोएमी किंचाळली. "खुद्द तिच्यात! आत काय आहे? सांगा ना लवकर, माझा जीव गेला इथे!"

"एक हंडा आहे आणि दोन म्हातारे."

"हे काय उत्तर झालं?"

त्या संध्याकाळी काही पोलेंता झाला नाही, हंडा तांबटाकडे कल्हई लावायला गेला. पण जेम्मानं गल्लीतच टेबल मांडलं आणि लोण्यात परतलेलं ताजं चीज नि भाजलेले चेस्टनट एर्सीलियापुढे ठेवले. फ्योरेन्झोनं ग्रापा या द्राक्षाच्या दारूची बाटली आणली. अर्धी बाटली संपेपर्यंत भाऊ पुन्हा भांडायला लागले होते, खोली कोणाची यावर. पण आता आवाज चढवून, टेबलावर हात आपटून, एकमेकांच्या ग्लासात ओतत भांडत होते. जेम्मा म्हणाली, भांडू द्या, साठलेलं बरंच आहे.

निघण्याआधी एर्सीलिया पुन्हा एकदा त्या खोलीत गेली. उजेड उतरत होता. तिनं पियानमधलं आपलं घर शोधलं, सापडलंही. पण तिची नजर तिथे थांबली नाही. घराच्या मागे जो चढ होता, ज्याच्याकडे तिनं आयुष्यभर पाठ करून स्वयंपाक केला, त्याच्या वर, जंगलाच्या कडेला काहीतरी पांढरं दिसत होतं. घर म्हणावं तर धूर नाही, खडक म्हणावा तर कडा फार सरळ.

"वित्तोरे, ते वर पांढरं काय आहे हो?"

वित्तोरे आला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं बघितलं. "कोण जाणे. ते तुमच्याच बाजूला आहे ना?"

"हो," एर्सीलिया म्हणाली, आणि फोन काढून तिनं नोएमीला विचारलं, तुझे डोंगरात चालायचे बूट अजून धड आहेत का.