पाचवं बटण

“माझ्याच टेबलावर मला कोपर टेकायला जागा नाही,” मास्तर पुटपुटले. समोर कोणी नव्हतं, तेव्हा तक्रार सोल्डरच्या रिळाकडे होती असं धरायचं.

“ऐकू येतंय हं,” वहिनी म्हणाल्या. त्याच टेबलाच्या दुसऱ्या कडेला त्या सर्किटला नाक टेकवून एका बारीक तारेला टाका घालत होत्या. सोल्डरच्या जोडाला टाका म्हणायचं, हा त्यांचा स्वतःचा शब्द. पंचवीस वर्षं शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं केलेला हात. त्याला तार काय आणि दोरा काय.

“काय चाललंय तुझं?”

“डबा करतेय.”

“कुणासाठी?”

“आहे एक गिऱ्हाईक. फार किरकिरं.”

“मग दोन दे,” मास्तर म्हणाले. “एक वापरायला, एक आपटायला.”

वहिनींनी मान वर केली नाही. विनोद मास्तरांचाच होता, जुना होता, पण जिथे पडायला हवा तिथेच पडला होता. असं काही झालं की त्यांना वाटे, आठवण जाणार म्हणणाऱ्या डॉक्टरचंच काहीतरी चुकलं असेल. डॉक्टरही माणूसच.

मास्तर तारखात्यात होते. तारा बंद झाल्या, खातं गेलं, पण बोटांतली कट्ट-कडकट्ट काही गेली नाही. नोकरीत होते तेव्हापासूनच हौशी रेडिओचा परवाना, छपरावर तार, कोपऱ्यात यंत्र, आणि स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळचा मोर्सचा वर्ग. त्या वर्गातून तीसेक जण तयार झाले. त्यांतले उरलेसुरले सातआठ जण अजून दर रविवारी सकाळी नऊ वाजता हवेत एकत्र जमत. कोणी कुठल्या गावात, कोणी कुठल्या, पण नऊच्या ठोक्याला हजेरी. हजेरी मास्तरच घेत. ती घेतल्याशिवाय कोणी खाकरतसुद्धा नसे.

मास्तरांच्या बायकोला सगळी मंडळी वहिनी म्हणत; त्या मोर्स शिकल्या नाहीत. “एका घरात एकच खूळ पुरे,” असं त्या म्हणत. पण मास्तर मंडळींसाठी कीअर बांधायला बसले की बॅटरी धरायला त्याच. कीअर म्हणजे मोर्सचं यंत्र. दोन पट्ट्या, एक दाबली की टिंब, दुसरी दाबली की रेघ, आणि ती टिंबं-रेघा मोजूनमापून सारख्या लांबीच्या पाडायचं काम आतलं सर्किट करतं. हात कसाही असो, बाहेर पडतं ते स्वच्छ. बॅटरी धरता धरता वहिनींनी सगळं पाहून घेतलं, आणि मास्तरांची नजर मंदावली तेव्हा सोल्डरिंगचं आयर्न गुपचूप त्यांच्या हातात आलं.

पुढे मास्तरांचा हात अडखळायला लागला. आपलं स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, पाठवताना मध्येच थांबायचे. वहिनींनी कीअरला स्मृतीची चिप बसवली. एक बटण दाबलं की कॉलसाइन आपोआप जाई. मंडळी म्हणाली, “मास्तर, नवा डबा झकास!”

मग कानाने दगा दिला. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण अक्षर उतरेना. त्यानंतर एका रविवारी त्यांचा एक विद्यार्थी हवेत म्हणाला, “आपण आता बोलूनच भेटत जाऊ का? नव्या पोरांना मोर्स येत नाही.” हा बस चालवायचा, पण सगळे त्याला पायलट म्हणत. त्या मंडळीत सगळ्यात नवं पोर बावन्न वर्षांचं होतं. सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला. कोणी कारण विचारलं नाही.

आणि मग शब्दच गळायला लागले. तेव्हा वहिनींनी आवाजाचा कीअर बांधला. स्पर्धेच्या दिवसांत ओरडून घसा बसू नये म्हणून लोक असा डबा वापरतात. आपला आवाज आत भरून ठेवायचा, बटण दाबलं की तोच हवेत जातो. पहिला डबा फसला. रेडिओचा जोर तारेतून उलटा आत शिरे, आणि मास्तर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येत. वहिनींनी जाळीची तार आणली, तिचे उलटा जोर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्याभोवती सात वेढे घातले, तेव्हा कुठे आवाज माणसात आला. पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून, मास्तरांकडून चार वाक्यं म्हणून घेतली. चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत आकडे लिहून बटणांखाली डकवले. एक: नमस्कार मंडळी, आणि कॉलसाइन. दोन: आवाज स्वच्छ येतोय, बोला. तीन: वा वा, फार आनंद झाला ऐकून, इकडे सगळं उत्तम. चार: भेटू पुढच्या रविवारी.

चार वाक्यांत माणसाचं सगळं भागतं, हे वहिनींना तेव्हा कळलं. वर्षभर कोणाला काही समजलं नाही. निदान वहिनींना तसं वाटायचं. मास्तर समोरचा आवाज थांबला की बटण दाबत. कधी एकच बटण दोनदा दाबत. मंडळी दोनदा उत्तर देत. “बाबा थोडे विसरभोळे झालेत ना?” लेक फोनवर विचारी. “वय झालं,” वहिनी म्हणत. “हो, थकलेत,” लेक म्हणे. पुढे दोघी कपड्यांच्या साबणाविषयी बोलत.

रविवारची ती खुर्ची होती तोवर मास्तर मास्तर होते. आठवडाभर ते घरातल्या घरात वाट चुकत, पण रविवारी साडेआठला स्वतःहून दाढी करत. ती खुर्ची गेली तर या माणसाचं काय उरेल, हे वहिनींना बघायचं नव्हतं.

गेल्या रविवारी चष्मेवाले हवेत आले. चष्मेवाले, म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवणारे, मास्तरांचे जुने विद्यार्थी, आणि त्यांची बायकोही. वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि नवऱ्यापेक्षा तिचा हात सफाईदार, असं मास्तर चारचौघांत सांगत. चष्मेवाल्यांचा आवाज त्या दिवशी सपाट होता.

“मास्तर, एक सांगायचं होतं. आमची ही मंगळवारी गेली. झोपेतच. संपलं माझं, बोला.”

हवेत बारीक सरसर होती. वहिनी स्वयंपाकघरातून धावल्या, पण ओट्यापासून टेबलापर्यंत अकरा पावलं होती आणि मास्तरांच्या बोटापासून बटणापर्यंत अर्धा इंच.

“वा वा!” हवेत मास्तर म्हणाले, वर्षापूर्वीच्या त्या भरदार, खुशीतल्या आवाजात. “फार आनंद झाला ऐकून! इकडे सगळं उत्तम!”

वहिनींचा ओला हात तोंडाशी गेला. सरसर चालूच राहिली. मग चष्मेवाले म्हणाले, “आभारी आहे, मास्तर.” तेवढंच. पुढचा माणूस बोलला, त्याच्या पुढचा बोलला. पायलट हवामानावर नको इतकं बोलला. कोणी म्हणून कोणी काही म्हटलं नाही, आणि त्या न म्हणण्यात वहिनींना पहिल्यांदा दिसलं की या सगळ्यांना किती दिवसांपासून माहीत आहे.

त्यावर त्यांनी काय केलं? दुसरी एखादी रडली असती. वहिनींनी पाचवं बटण बसवायला घेतलं.

आता तोच डबा टेबलावर उघडा होता. भोक पाडून झालं होतं, टाका घालून झाला होता. राहिलं होतं वाक्य. वहिनींनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मास्तरांसमोर ठेवलं आणि माइक पुढे केला.

मास्तरांनी वाचलं, “ऐकून फार वाईट वाटलं पूर्णविराम धीर धरा पूर्णविराम.”

“अहो, पूर्णविराम नको. ही तार नाही.”

“पूर्णविरामाशिवाय तार लागते कुठे?” मास्तर म्हणाले. तारखात्याची तीस वर्षं बोलत होती, त्यांच्याशी कोण भांडणार?

दुसऱ्या खेपेला पूर्णविराम गेला, पण ‘कुणाचं वाईट झालं?’ हे मध्येच आत भरलं गेलं. “चष्मेवाल्यांची बायको गेली हो,” वहिनी म्हणाल्या. “अरेरे. कोण चष्मेवाले?” असं चौथ्या खेपेपर्यंत चाललं. पाचव्या खेपेला मास्तर चिडले. सहाव्या खेपेला त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. वहिनींनी दुसरा कागद लिहिला. सातव्या खेपेला ते नीट वाचत होते, तर बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला.

मग वहिनींनी माइक खाली ठेवला, बंद करायचा विसरून, आणि टेबलावरच डोकं टेकलं. सोल्डरचा वास नाकात जात होता. खांदे हलू द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं, पण खांद्यांनी ऐकलं नाही.

थोड्या वेळाने पाठीवर हात आला. हलका, बिचकत ठेवलेला.

“ऐकून फार वाईट वाटलं हो, बाई,” मास्तर म्हणाले. “धीर धरा.”

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांना ‘अगं’शिवाय हाक मारली नव्हती. वहिनी बऱ्याच वेळाने उठल्या. तोंड धुऊन आल्या. डबा ऐकून पाहिला. अगदी स्वच्छ भरलं गेलं होतं, आणि खऱ्या माणसाला खऱ्या माणसाने म्हणावं तसं. त्यांनी त्यातलं ‘हो, बाई’ तेवढं कापून टाकलं आणि उरलेलं पाचव्या बटणावर चढवलं.

रविवारी मास्तरांनी दाढी केली. हनुवटीखाली एक पट्टा राहिला, तो वहिनींनी काढला. नऊ वाजता त्या आज स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, स्टूल ओढून शेजारी बसल्या. पहिलं बटण झालं. एकेकाची हजेरी लागली. चष्मेवाले आले.

“हजर आहे, मास्तर,” ते म्हणाले. “विशेष काही नाही. बोला.”

वहिनींनी मास्तरांचं बोट धरून पाचव्या बटणावर ठेवलं आणि वरून आपलं दाबलं.

“ऐकून फार वाईट वाटलं. धीर धरा.”

सरसर. मग चष्मेवाल्यांचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला आणि तिथेच अडलेला.

“मास्तर,” ते म्हणाले. “तुम्हाला कळलं. मागच्या वेळी मला वाटलं... जाऊ दे ते. तुम्हाला कळलं, बास.”

वहिनींनी मोकळा श्वास सोडला. डबा चालला होता. पण चष्मेवाल्यांनी अजून ‘बोला’ म्हटलं नव्हतं.

“मास्तर, आज तुम्ही बोललातच, म्हणून विचारतो. कितीतरी वर्षं राहूनच गेलंय. तुमच्या वर्गात मी तिला मोर्सच्या सरावाच्या कीवर लग्नाचं विचारलं होतं. तिनं फटाफट उत्तर पाठवलं. माझी लेखणीच पळेना. एवढं कळलं की शेवटी हो आहे. पण त्याआधी ती बरंच काही म्हणाली होती. तुम्ही कोपऱ्यात बसून उतरवून घेत होतात आणि हसत होतात. मी तिला जन्मभर विचारलं, काय गं पाठवलं होतंस? ती म्हणायची, विचार तुझ्या मास्तरांना. मी म्हणायचो, विचारीन, घाई काय आहे.” ते थांबले. “आता तिला विचारायची सोय नाही. तुम्हीच आहात. काय म्हणाली होती ती, मास्तर? जेवढं आठवेल तेवढं सांगा. बोला.”

हवा मोकळी झाली. सातआठ घरांत सातआठ माणसं कान लावून बसली होती. मास्तरांनी बटणांकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग वहिनींकडे पाहिलं, वर्गातल्या ढ मुलानं शेजारच्याच्या वहीत डोकावावं तसं. आणि त्यांनी दाबलं.

“नमस्कार मंडळी!” हवेत मास्तर म्हणाले.

 मग चष्मेवालेच हळूच म्हणाले, “नमस्कार, मास्तर. आठवेल, सावकाश आठवेल. मी थांबतो. पुढच्या रविवारी सांगा. मी दर रविवारी येईन.”

दर रविवारी. वहिनींच्या डोळ्यांसमोर ते आले, बंद दुकानात, भिंतीवरच्या चष्म्यांच्या रिकाम्या चौकटींखाली, रेडिओजवळ कान नेऊन बसलेले. सहावं बटण करता येईल, असं एक क्षण त्यांच्या मनात आलंसुद्धा. ‘आठवत नाही’ एवढंच भरायचं. पण ते तरी मास्तरांकडून म्हणून घ्यायचं कसं?

परवाना मास्तरांच्या नावावर होता, वहिनींच्या नाही; त्यांना हवेत बोलायची मुभाच नव्हती. वहिनींनी डब्याची पिन उपटली, माइक सरळ यंत्रात खोचला आणि खटका दाबला. यंत्रावरच्या सुईनं उडी मारली.

“चष्मेवाले, मी वहिनी बोलतेय,” त्या म्हणाल्या. आवाज आपलाच वाटेना. “वाट बघू नका. पुढच्या रविवारीही नका. ते आठवणार नाही त्यांना. वर्षभर तुम्ही सगळे माझ्या डब्याशी बोलताय, आणि ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आज जे बोलले तेसुद्धा डब्यातलंच होतं. मला माफ करा.” त्यांनी खटका सोडला नाही. मास्तर शेजारी बसून सुईकडे कौतुकानं बघत होते. “मास्तर इथे माझ्या शेजारी बसलेत. पण त्यांना आता ती आठवत नाही, तुम्ही आठवत नाही, आणि मी कोण आहे तेही आठवत नाही.”