बेअरिंगऐवजी नारळ

मित्रांनो, घरघर ऐकून दचकू नका. तो माझाच आवाज आहे. मी एक जुनी पाण्याची मोटर आहे. नागापूरला एमआयडीसीच्या मागे उत्तमरावांच्या चार भाड्याच्या खोल्या आहेत. तिथले हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणे हे माझे काम.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर उत्तमरावांनी फंडाच्या पैशातून या खोल्या बांधल्या. मी आले तेव्हा निळीशार होते आणि थोडी गर्विष्ठही. अर्ध्या तासात टाकी भरून टाकायची. उत्तमराव चहाच्या टपरीवर सांगत, "चार खोल्यांचं भाडं येतं, खर्च काय बी न्हाई." हे ऐकून मला काळजी वाटायची, कारण माझे बेअरिंग हळूहळू कुरकुरू लागले होते.

उत्तमराव मोठे भाविक. दर खंडेनवमीला ते मला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत आणि नारळ माझ्याच डोक्यावर फोडत. नारळाचे पाणी थेट माझ्या पोटात जाई. मान मिळाला म्हणून मी फुगून जायची. गंजायलाही तिथूनच सुरुवात झाली. पुढे सील गळू लागले, तर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. बेअरिंग ओरडू लागले, तर "आवाज करती म्हंजी चालती," असे म्हणून ते जेवायला गेले.

गेल्या मार्चमध्ये सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी मी जळाले. पंकज मिस्त्रीने मला उघडले आणि नाक दाबले.

"काका, बेअरिंग आन् सील पाचशेत झालं आस्तं. आता वाइंडिंगसकट चार हजार."

"आरं, दर साली नारळ फोडलाय हिला."

"नारळानं बेअरिंग बदलत न्हाई, काका."

आलेले भाडे घराच्या नव्या रंगात आणि नावाच्या पाटीत गेले होते. चार हजार जमवायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस पहिल्या खोलीतली रेश्मा पहाटेच्या शिफ्टआधी समोरच्या बोअरवरून हंडे आणत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, पाटी लई झ्याक हाय. पन मी खोली सोडते." मी दुरुस्त होऊन आले तेव्हा तिच्या दाराला कुलूप होते. मला फार वाईट वाटले. ती खोली दिवाळीपर्यंत रिकामी राहिली.

तेव्हापासून उत्तमरावांच्या पत्नी कलाबाई दर भाड्यातले तीनशे रुपये आधी एका डब्यात टाकतात आणि डब्याची किल्ली कमरेला खोचतात. या खंडेनवमीला त्यांनी ताम्हनात नवे बेअरिंग आणि सील ठेवून त्यांनाच हळदकुंकू लावले.

"मंग नारळ?" उत्तमरावांनी विचारले.

"चटनीला."

दिवाळीनंतर रेश्मा पुन्हा खोली बघायला आली. भाडे विचारण्याआधी तिने नळ सोडून पाहिला. पाणी धो धो आले. तिने नळ बंद केला आणि कलाबाईंकडून खोलीची किल्ली घेतली.

त्या डब्यात माझ्या जागी येणाऱ्या नव्या मोटरचेही पैसे साठत आहेत, हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी दिवसभर रुसून थोडे कमी पाणी चढवले. आता राग नाही. पण मित्रांनो, ती आली की तिला एवढे सांभाळा. हार उशिरा घातला तरी चालेल, तेल मात्र वेळेवर द्या. आणि नारळ तिच्यापासून लांब फोडा.