तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

तुफानची टॅक्सी सकाळीच धापा टाकत आमच्या गॅरेजमध्ये आली. या माणसाला सगळे तुफान म्हणतात, कारण तो गाडी कासवाच्या चालीने चालवतो. "मिस्त्री, गाडी मिसिंग करतेय," तो बाबांना म्हणाला. बाबांनी स्कॅनर लावला. तिसरा सिलिंडर पेटत नव्हता. काम सोपं होतं, म्हणून ते बाबांवर सोपवून मी फिल्टर आणायला दुकानात गेले.

परत येऊन बघते तर काय, बाबांनी अर्धं वायरिंग सोलून ठेवलेलं. तुफान बिचारा आपल्याच गाडीची आतडी बाहेर काढलेली बघत उभा होता.

"कॉइल नाही," बाबा म्हणाले. "अदलाबदल करून पाहिली. बिघाड तिसऱ्यातच राहिला. इंजेक्टरची वायर कुठेतरी तुटलीय."

ही आमची जुनी पद्धत. तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर. बिघाड कॉइलच्या मागोमाग दुसऱ्यावर गेला, तर कॉइल खराब. जागचा हलला नाही, तर इंधन सोडणारा इंजेक्टर नाहीतर त्याची वायर. प्लग तर नवाच होता. यात चुकायचं काय?

मी इंजिन चालू करायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली. टिकटिक अगदी नेमाने चाललेली. वायरवर टेस्ट लॅम्प धरला, तोही बरोबर लुकलुकत होता. म्हणजे इंजेक्टर ठीक, वायर ठीक. मग सिलिंडर पेटत का नाही? माझं डोकं फिरायला लागलं. चिडून मी तिसऱ्याची कॉइल उपसून काढली आणि हातात धरूनच उभी राहिले.

बाबांना खडूची सवय आहे. कॉइल ज्या सिलिंडरवर बसवतील, त्याचा आकडा तिच्यावर लिहितात; जागा बदलली की जुना आकडा खोडून नवा. या कॉइलवर तीन लिहून खोडलेला होता. पुढे दोन, तोही खोडलेला. आणि त्यापुढे परत तीन. अदलाबदल एकदा नाही, दोनदा झाली होती. कॉइल फिरून आपल्याच जागी आली होती, मग बिघाड हलणार कसा? हाताने सवयीने खडू ओढला होता. डोक्याला पत्ताच नव्हता.

गेले काही महिने आई माझ्या कानीकपाळी ओरडत होती. यांना घरी बसव, यांच्या लक्षात राहत नाही, परवा गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून गेले. मी तिच्यावर वसकन ओरडले होते. दूध कुणाचंही उतू जातं! बाबांना गॅरेजमधून उठवायचं म्हणजे त्यांचा जीवच काढून घ्यायचा, हे तिला का कळत नाही म्हणून मला राग यायचा. आता ती कॉइल हातात घेऊन मला आईचाच राग आला, ती खरी ठरली म्हणून.

"सापडलं का काही?" बाबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"माझीच चूक," मी म्हटलं. "दुकानात जायच्या आधी मीच कॉइल बदलून पाहिल्या होत्या. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्या हातून त्या परत मूळ जागी गेल्या. कॉइलच गेलीय."

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" बाबा कडाडले. "गाडीला हात लावला की सांगायचं, हे किती वेळा शिकवायचं? माझं अख्खं वायरिंग सोलून झालं!"

"ताई, आज तुमची काही खैर नाही," तुफान हसत म्हणाला. एरवी मी त्याला सोडलं नसतं. आज सोडून दिलं. बाबा बोलत राहिले, मी ऐकत राहिले आणि मनातून देवाला म्हणत राहिले, बोलू देत, असंच बोलू देत.

वायरिंगला टेप गुंडाळली, नवी कॉइल बसवली. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. तुफान खुशीत निघून गेला. बाबांनी हात धुतले, बराच वेळ पुसले आणि स्टुलावर बसले.

"कुठली कॉइल कुठे होती, याचे तू तर फोनवर फोटो काढतेस," ते म्हणाले. "माझ्या खडूला हसतेस."

मी पाने गोळा करायला लागले.

"ते आकडे माझ्या हातचे आहेत. मी पाहिले. लिहिलेले मात्र आठवत नाहीत." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली. "काल शाळेच्या व्हॅनचे ब्रेक मी एकट्याने केले. नट आवळले की नाही, सकाळपासून आठवतोय. त्या व्हॅनवाल्याला बोलावून घे. शाळा सुटायच्या आत."

"आवळले असतील हो, बाबा. इतक्या वर्षांची सवय आहे हाताला."

"असतील म्हणून पोरं बसवायची का गाडीत?"

मी फोन लावला. व्हॅनवाला कुरकुरतच आला. गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली. बाबा जवळ आले नाहीत. दाराशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी एकेक नट पान्याने तपासला. ब्रेकचं ऑइल पाहिलं, पॅड पाहिले, पेडल दाबून दाबून पाहिलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आनंदाने माझे डोळेच भरून आले.

"बाबा, सगळं घट्ट आहे! एकही नट ढिला नाही. या ना, तुम्हीच बघा!"

"या वेळी आहे," बाबा म्हणाले. ते आत आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चाकं तूच चढव. मी घरी जातो, तुझी आई वाट बघत असेल."