सखूचं सीताफळ

"आजोबा, हे वाळलंय," खोडाला नख लावून पुनम म्हणाली.

"वाळलं न्हाई. जरा सुस्त हाय," असं म्हणत सोनाजीने डबड्यातलं पाणी बुडाशी ओतलं.

वसमतच्या कॉलेजातल्या पोरांचा हा पर्यावरणाचा प्रकल्प. गेल्या वर्षीची पोरं हट्टा गावात आली आणि मयताची राख नदीत सोडू नका, खड्ड्यात घालून वर झाड लावा, असं घरोघर सांगून गेली. त्याच आठवड्यात सोनाजीची बायको सखुबाई वारली. यंदाची पोरं, त्यांतलीच पुनम, कुठली झाडं जगली ते बघायला आली होती. मार्कांसाठी का होईना, उन्हातान्हात हिंडत होती बिचारी.

सोनाजीची पिठाची गिरणी. दळण झालं की कुंच्याने गिरणीचं तोंड झाडून शेवटची चिमूटही तो गिऱ्हाइकाच्या डब्यात टाकायचा. गावात त्याचं त्यावरूनच नाव होतं. सखूला सीताफळ आवडायचं, म्हणून तिच्या राखेवर अंगणात सीताफळ लावलं. ती गेली तेव्हा तो रडला नाही, पुढेही नाही. गिरणी चालू राहिली, रोज सकाळी झाडाला डबडंभर पाणी घालणं चालू राहिलं. आतून मात्र सगळं बधिर झालं होतं.

पुनमने माती थोडी उकरली. खाली नुसता करडा थर लागला.

"राख किती टाकली होती?"

"समदी. कुंच्यानं झाडून आणली व्हती."

"सगळी? आजोबा, बाकीच्यांनी मूठभर टाकली. उरलेली शेतात पसरली. एवढ्या राखेनं मुळं पोळतात."

"मूठभरच कशी टाकू, माय? बाकीची सखू कुठं ठेवू?"

 सून पल्लवी दारातून ऐकत होती. झाड गेल्याचं तिला केव्हाच कळलं होतं, पण सासऱ्याला सांगायची छाती होत नव्हती.

"मी नवं रोप देते," पुनम घाईने म्हणाली. "फक्त ही राखेची माती काढून टाकावी लागेल."

"म्हंजे तिला उकरून फेकू?"

पुनमने उकरलेली माती परत लोटली. गिरणीपुढे दळणाचे डबे तसेच पडून होते.

"राहू द्या," शेवटी पुनम म्हणाली. "दोन हात सोडून लावू."

"व्हय. ते बराबर हाय."

खड्डा सोनाजीनेच खणला. पोरांनी रोप लावलं, फोटो काढला, त्याच्या पाया पडली आणि जीपमध्ये बसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीने डबडं भरून घेतलं. "मामा, आज मी घालते पाणी," म्हणत ती नव्या रोपाकडे वळली.

"आधी तिला," सोनाजी वाळल्या झाडाकडे बघत म्हणाला. "जिती व्हती तवा रोज समद्यांच्या मागून जेवली."

पल्लवीने आधी तिथे पाणी घातलं. उरलं ते रोपाला.